मंडळीबाहेरची सुवार्ता

कोल्हापूर,
गुरुवार, १७ फेब्रुवारी १९८३

प्रिय सुवार्ता,

पाकिटावर मी 'सौ. सुवर्णा शिवानंद' असंच लिहीन, कारण तिकडचा पोस्टमन तुला त्याच नावानं ओळखत असणार. पण आत मला हे जुनं नाव लिहू दे. तुझ्या वडिलांनी मोठ्या हौसेनं ते ठेवलं होतं. या महिन्यातला एक रविवार सोडला तर सतरा वर्षांत मी ते मोठ्यानं उच्चारलेलं नाही. आत्ता लिहितानासुद्धा हात अडखळला, म्हणून पहिलं अक्षर असं गिचमिड झालं आहे. हस्ताक्षर बघून तू मला ओळखलं असशीलच. नसशील ओळखलं तर आधी शेवटची सही बघ, आणि मग पुढं वाचायचं की नाही ते ठरव. नाही वाचलंस तरी तुला दोष देणार नाही.

मी बरी आहे. मागच्या वर्षी दवाखान्यानं मला निवृत्त केलं. भिंतीवरचं घड्याळ दिलं, चार जण गोड बोलले. राहती खोली मात्र ठेवली आहे. तीच, कंपाउंडच्या टोकाची, चिंचेजवळची. उजवा गुडघा धरतो, त्यामुळं खेड्यांतून फिरणं बंद झालं. तरी सकाळी नऊला बायकांच्या वॉर्डात जाऊन बसते. पगार घेत नाही, म्हणून कुणी अडवतही नाही. कुणाचं पत्र लिहून दे, कुणाला शास्त्रातला एखादा भाग वाचून दाखव, कुणाचं नुसतं ऐकून घे, असं चाललेलं असतं. तू होतीस तेव्हा तिथं वीस खाटा होत्या, आता चाळीस झाल्यात. फरशी नवी घातली आहे. शेवटच्या खिडकीतून जोतिबाचा डोंगर मात्र अजून तसाच दिसतो. दुपारी वॉर्ड निजला की मी त्या खिडकीपाशी उभी राहते. तिथं तू उभी राहायचीस.

तू आलीस ते साल बासष्ट. गारगोटीकडच्या शाळेतले तुझे वडील, आकाराम मास्तर, त्याच उन्हाळ्यात गेले होते, आणि आई तर तुला आठवतही नव्हती. एक पत्र्याची ट्रंक, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि कुणी काही विचारलं की आधी खाली बघायची सवय. नर्सिंग शिकायला आलेल्या पोरींना दवाखान्याचं काम शिकवायला सिस्टर होत्याच. बायबलबाई म्हणून माझ्याकडं तुम्हांला रविवारचं शिकवायचं काम होतं. पण मेट्रन मला म्हणाल्या, "आक्का, हिला जरा जवळ घ्या, हिचं कुणी नाही." माझंही कुठं कोण होतं? लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. मेट्रनबाईंना वाटलं त्या तुझी सोय करतायत. त्यांनी माझीच सोय केली होती.

पहिल्याच आठवड्यात हातकणंगल्याकडची एक म्हातारी आली होती, पायाला जुनाट जखम झालेली, बघतेस ना डोळ्यांपुढं? पट्टी सोडली तेव्हा तू श्वास कोंडून तोंड फिरवलंस. तुला खाली फरशीवर बसवलं, म्हातारीचा पाय तुझ्या मांडीवर ठेवला, आणि म्हणाले की उभं राहून कुणाची सेवा होत नाही, माणसापेक्षा खाली बसायचं. पाणी आधी आपल्या मनगटावर ओतून बघायचं. आणि हात लावायच्या आधी नाव विचारायचं. तू घाबरत विचारलंस, "सिस्टर तर सात नंबर म्हणतात की?" मी म्हणाले, "सात नंबरची खाट हाय. माणूस सात नंबरचं नसतंय." तू हसलीस. ते तुझं मी पाहिलेलं पहिलं हसू.

मग शनिवार सुरू झाले. यष्टीनं जाऊ तिथवर जायचं, पुढं पायी. पिशवीत मलमपट्टी, चार पुस्तकं, दोन भाकरी. तू माझ्या मागून चालायचीस आणि विचारत राहायचीस. एकदा विचारलंस, "आक्का, शिष्य म्हणजे विद्यार्थीच ना?" मला फार शहाणपणा आला. मी म्हणाले, "विद्यार्थी तास संपला की घरला जातो. शिष्याला तास न्हाय आणि घर न्हाय. गुरू चालंल तिकडं चालायचं, तो बसंल तितं बसायचं, तो कुणाच्या ताटात जेवतो ते बघायचं. बघून बघून एक दिवस आपलं चालणंच तसं होतंय." तू म्हणालीस, "म्हणजे मी तुमच्यासारखी फेंगडी चालायला लागणार?" रस्त्यात मी तुला धपाटा घातला. पुढं एक दिवस तू पोरींना माझी नक्कल करून दाखवत होतीस. तीच फेंगडी चाल, तोच पदर खोचणं, तोच घोगरा आवाज. मी खिडकीतून बघत होते. बाहेर येऊन खूप रागावले. पण आत जाऊन एकटीच हसले, आणि मग थोडी रडलेसुद्धा, हे तुला कधी सांगितलं नाही.

एकदा हातकणंगल्याला गाडी चुकली होती आपली. रुळांच्या कडेनं चालत निघालो, तुझ्या चपलेचा अंगठा तुटला. तू एक चप्पल हातात धरून लंगडायला लागलीस, म्हणून मीही माझ्या चपला काढून पिशवीत टाकल्या. तू "नको नको" करत राहिलीस. दोघी अनवाणी, खडीवरून, आणि तू मोठ्यानं भजन म्हणतेयस. शेतातल्या एका माणसानं ओरडून विचारलं, "व पावणं, कुटल्या गावच्या जत्रंला निघालाय?" त्या दिवशीइतकी सुखात मी आयुष्यात कधी नव्हते, सुवार्ता. हे मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. आपण शास्त्र शिकवतो, प्रार्थना शिकवतो, आणि तू मला हवी आहेस एवढं एक साधं वाक्य बोलायचं राहून जातं.

माझ्या हाताखालून पुष्कळ पोरी गेल्या. वर्षभर यायच्या, पास व्हायच्या, लग्नं व्हायची, नाताळला कार्ड यायचं. तू राहिलीस. चार वर्षं तू माझ्या मागून चाललीस, आणि माझ्या मनानं घेतलं की माझ्यानंतर हे काम तूच करणार. मी चर्चच्या पाळकांशी बोलूनही ठेवलं होतं. तुला फक्त विचारलं नव्हतं.

पासष्टच्या दिवाळीआधी जयसिंगपूरकडचे चन्नाप्पा पाय मोडून आले. त्यांच्या उशाशी तंबाखूच्या वखारीत कारकुनी करणारा त्यांचा मुलगा शिवानंद दीड महिना बसून होता. मी त्याला रोज बघत होते. सभ्य मुलगा, कपाळाला भस्म, बोलणं हळू. तुम्हां दोघांकडं मात्र मी बघितलंच नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात तू माझ्या खोलीत आलीस, खाली बसलीस आणि सरळ सांगितलंस. एकही शब्द फिरवला नाहीस. "आक्का, आम्ही रजिस्टर लग्न करतोय. मी प्रभूला सोडलेलं नाही, सोडणारही नाही. त्यांनी मला काही सोडायला सांगितलेलं नाही. मला आई नाही. साक्षीदार म्हणून सही करायला तुम्ही याल?"

माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, आठवतं तुला? मी म्हणाले, "मंडळीला मी काय तोंड दाखवू?" तू माझ्याकडं सही मागत होतीस आणि मी माझं तोंड सांभाळत होते.

मग पंचांची सभा झाली. उपासनेनंतर, चर्चच्या मागच्या लहान खोलीत, तू दाराशी उभी. जोतीरामदादा तेव्हा पंचांत वडील. वाईट माणूस नव्हे, पण नियमाचा पक्का. त्यांनी मला विचारलं, "आक्का, पोरगी तुमच्या हाताखाली वाढलीया. आमच्यापेक्षा तुमी वळकता तिला. तुमी सांगा, काय करायचं?" तू माझ्याकडं बघितलंस. घाबरून नाही, विनवूनही नाही. चाचणी परीक्षेत उत्तर पाठ असलेल्या मुलीनं बाईंकडं बघावं, तसं बघितलंस. मी काय बोलणार याची तुला खात्रीच होती. मी एवढंच म्हणाले, "मंडळी ठरवेल ते." आणि मंडळीनं ठरवलं. तुझं प्रभुभोजन बंद झालं आणि मंडळीच्या वहीतलं नाव कापलं गेलं. तुझ्याविषयी ज्यांना एक अक्षर माहीत नव्हतं त्यांनी हात वर केले. जिला सगळं माहीत होतं तिनंही केला. हो, मीसुद्धा केला. तू तोवर बाहेर गेली होतीस, म्हणून तुला ते माहीत नसेल. आता माहीत असू दे.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी, तू माझ्या दारी आलीस. तुला वाटलं असेल मी गावाला गेले. मी आत होते, सुवार्ता. कडी लावून खाटेवर बसले होते. तू दोनदा हाक मारलीस. मग पायरीवर बसून राहिलीस. बांगडीचा आवाज येत होता, एकदा तू खोकलीस, तेही ऐकू आलं. अर्धा तास झाला असेल. मला वाटत होतं, आता तिसरी हाक मारेल आणि मी उठेन. तू मारली नाहीस. मग दोरीवरून कपडे ओढल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तर माझी वाळलेली लुगडी, झंपर, उशीचा अभ्रा, सगळं नीट घड्या घालून पायरीवर ठेवलेलं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक दगड.

मला नुसतं मंडळीचं भय होतं असं म्हणून मी सुटले असते. पण ते खरं नाही. मला राग आला होता. मी घडवलेली मुलगी मला न विचारता आपली वाट धरते, याचा राग. लोकांना मी सांगत होते की पोरींना प्रभूच्या मागं चालायला शिकवते, आणि मनातून मला तू माझ्या मागं हवी होतीस. मी मागं वळून बघायची ते तू प्रभूबरोबर आहेस का हे बघायला नव्हे. माझ्या मागं कुणीतरी आहे, एवढंच बघायला.

त्यानंतर मी एकाही मुलीला जवळ घेतलं नाही. शिकवत राहिले, पण तास लावून. शनिवारी एकटीच जायची. रस्त्यात कधी काही सुचलं तर सांगायला मागं वळायची, आणि मग उगाच पदर सारखा करून पुढं चालायची. एकाहत्तर साली एकदा जयसिंगपूरला गेलेही होते. मिरजेच्या बाजूला कुणाच्या तरी मयताला म्हणून निघाले आणि मध्येच उतरले. वखारींच्या रस्त्यानं दोनदा फिरले. तुझं गाव तिथून किती लांब, कुठली गाडी, हे कुणालाही विचारता आलं असतं. एक बाई तुझ्यासारखी पाठमोरी चालताना दिसली, कडेवर मूल, हातात पिशवी. तिच्या मागून मी चौकापर्यंत गेले. ती वळली, तर तू नव्हतीस. अर्धा शेर भडंग विकत घेतलं आणि पुढच्या गाडीनं परत आले. ते खायचंही झालं नाही माझ्यानं, वॉर्डात वाटून टाकलं.

आणि आता ज्या महिन्यानं मला हे सगळं लिहायला लावलं त्याचं सांगते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डात एक म्हातारी आली. परसात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि आवाज असा की पुरुषांच्या वॉर्डात ऐकू जावा. नवी नर्स तिचं अंग पुसायला आली तशी म्हातारीनं तिचा हात धरला. "थांब गं यव्वा! आदी माझं नाव इचार की. आनि पानी कसं हाय बगितलंस? आमची सून आदी आपल्या मनगटावर वतून बगती. आनि अशी ताठ हुबी राहून न्हाय पुसत कुणाला, खाली बसती." मी चार खाटा सोडून बसले होते. हातातलं पुस्तक मिटलं. उठून तिच्यापाशी गेले, खाली बसले, आणि नाव विचारलं. "बसव्वा," म्हणाली. "सुनेचं?" "सुवर्णा."

माझ्या मनात काही वेगळंच आलं होतं, ते मी परतवून लावलं. सुवर्णा म्हणजे कुणीतरी दुसरी. पण मला तिथून हलवेना. मी रोज तिच्यापाशी बसायला लागले आणि ती रोज सुनेचं सांगायला लागली. गल्लीत कुणी आजारी पडलं की सुवर्णाला हाक. ती जाऊन आधी खाली बसते. परीटाची बाळंतीण असो, नाहीतर इनामदाराची आई. काम झालं की दोन मिनिटं डोळे मिटते. बसव्वानं एकदा विचारलं होतं, काय पुटपुटतीस? तर म्हणाली, "तिचं नाव सांगतेय." कुणाला? "ज्यानं मला हितं पाठवलं, त्याला." बसव्वा मला म्हणाली, "आमी शिव म्हंतो, ती येशू म्हंती. मला पयलं लई राग यायचा. तिचा सासरा अंथरुनाला खिळला तवा दोन वर्सं तिनं काडलं त्येचं समदं. त्येंच्या गळ्यातलं लिंग सोताच्या हातानं सोडून, पुसून, परत बांदायची. तवापास्नं म्या म्हटलं, तुझा द्येव खरा असंल बाई, तू खरी हायस म्हंजे." आणि मग म्हणाली की दुपारी शेजारच्या चार बायका तुझ्याकडं येऊन बसतात. जखम कशी धुवायची, तापात काय द्यायचं, सही कशी करायची, सगळं शिकतात. त्यांतली विठाबाई म्हणून कुणी आहे, ती तर सगळीकडं तुझ्या मागून फिरते. बसव्वा हसत म्हणाली, "आता ती बी पानी मनगटावर वतून बगती. बगून बगून शिकली. आनि माझी सून चालती तशी चालती बी. दोगी फेंगड्या!"

मी वॉर्डाच्या बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

त्याच संध्याकाळी शिवानंद आले. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. मी आधी ओळखलं नव्हतं, त्यांनी मात्र मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि काही बोलले नव्हते. व्हरांड्यात बाकावर बसलो. मी विचारलं, ती का आली नाही सासूबरोबर? त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "आक्का, ती कोल्हापुरात येत न्हाय. दर रविवारी सकाळी न्हाऊन, तिचं पुस्तक घेऊन परसात एकटी बसती. आम्ही कुणी मधी जात न्हाय. एकदा म्हटलं होतं, चल, तुझ्या देवळात सोडतो, बाहेर थांबतो. तर म्हणाली, तिथल्या वहीत माझं नाव न्हाय." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्याबद्दल वाकडं कधी बोलली न्हाय. पहिली दोन-तीन वर्षं मात्र कोल्हापूरची यष्टी यायची वेळ झाली की कामातनं उठून दारात जायची. मी विचारलं तर म्हणायची, आक्का यायच्या एखाद वेळेस."

मी त्यांच्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला आणि विनंती केली की तुला यातलं काही सांगू नका, मी स्वतः कळवीन. ते सज्जन आहेत, त्यांनी शब्द पाळला असेल. घरी परतलेल्या सासूबाईंनी पाळला असेल असं वाटत नाही.

तुला कळवायच्या आधी मला इथलं काही निस्तरायचं होतं. सहा तारखेच्या रविवारी मंडळीचा वर्धापनदिन होता. आताचे पाळक तरुण आहेत, मनानं चांगले. त्यांनी महिनाभर आधीच मला सांगून ठेवलं होतं की, आक्का, त्या दिवशी बोलायचं तुम्ही. बाहेर फळ्यावर विषयसुद्धा लिहिला, 'मंडळीच्या जीवनात शिष्यत्वाचे महत्त्व'. मी चार पानं लिहून काढली होती. उभी राहिले, आणि ती पानं मला वाचवेनात. मी घडी घालून ठेवली आणि तुझं सांगितलं. नाव घेऊन. सुवार्ता आकाराम, असं. पायरी, कडी, घड्या घातलेले कपडे, वर केलेला माझा हात, सगळं. म्हणाले, आपण बाप्तिस्मे मोजतो, खुर्च्या मोजतो, पण शिष्य त्यात मोजता येत नाही. ज्या शिष्यानं अटकेच्या रात्री तीनदा प्रभूची ओळख नाकारली त्याच्यासाठी तोच प्रभू पुढं एका पहाटे तळ्याच्या काठावर मासे भाजत बसला होता. आणि माझ्या मुलीनं तर नाकारलंही नव्हतं, तरी मी आतून कडी लावली. आज तिकडं सीमेजवळच्या एका गावात चार बायका तिच्याकडून चालायला शिकतायत. आपल्या मंडळीचं काम तिथं चाललंय, आणि आपल्या वहीत त्याची नोंद नाही.

कुणी आमेन म्हणालं नाही. मागं एक बाळ रडत होतं. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं, मी न घेता पुढं दिलं. जोतीरामदादा माझ्या समोरच्या बाकावर होते. आता पंच्याहत्तरीचे आहेत, काठी लागते. त्यांनी ते वळून बघितलं.

काल पंचांची सभा झाली. मला बोलावलं होतं. त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती. दोन तास चालली. तरुण पंच म्हणाले, नाव परत लिहा, विषय संपवा. पण जोतीरामदादा म्हणाले, "आक्का, तुमचं ऐकल्यापास्नं मला धड झोप न्हाय. पोरीशी माझं वैर न्हाय. खरं, मंडळीभाईर लगीन न्हाय हा नियम तवा बी हुता, आज बी हाय. तिनं अर्ज करावा, चुकलं म्हणावं. तेवढं आलं की मी सोताच्या हातानं नाव लिवतो." शेवटी तेच ठरलं. पाळकांनी मसुदा करून माझ्या हातात दिला. 'माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी मंडळीची नम्रपणे क्षमा मागते' असा सुरू होतो, खाली तुझ्या सहीसाठी जागा. तुला पत्र लिहून ही सही आणायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. दादा म्हणाले, "तुमचं ऐकंल ती." म्हणून मी आज सकाळी कागद घेऊन बसले. चार ओळी लिहायच्या होत्या.

तो मसुदा मी सोबत घातलेला नाही, सुवार्ता. तुझ्याकडून सही मागायचा अधिकार मला नाही, आणि ज्या चुकीची ती सही आहे ती तू केलेली नाहीस. उद्या सकाळी पाळकांना मी तसं सांगेन. तुझं नाव लिहितील न लिहितील. मी त्यासाठी भांडेन, पण त्यासाठी तुला वाकायला लावणार नाही. त्यांना जो अर्ज पाहिजे होता तो मी करते आहे, फक्त तो पंचांच्या नावे नाही, तुझ्या नावे आहे. मी चुकले. तुझी बाजू मला माहीत होती आणि मी बोलले नाही. तू दारात होतीस आणि मी उठले नाही. मला क्षमा कर म्हणायला सतरा वर्षं लावली, त्याचीही क्षमा कर. आणि तुझ्या त्या चार बायकांत माझ्यासारख्या म्हातारीला जागा असेल तर मला बसू दे. शिकवायला नाही येत मी. गुरुवारी, चोवीस तारखेला, दुपारच्या यष्टीनं जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरेन. तू आलीस तर तुझ्याबरोबर येईन. नाही आलीस तर शेवटच्या गाडीपर्यंत थांबून परत फिरेन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन.

तुझीच,
आक्का